अर्धं रक्त बापाचं

जरीपटक्यात नुसत्या पाट्या वाचत फिरलं तरी जागोजागी बाप भेटतो. कापडवाला असो, मोबाईलवाला असो की दातांचा डॉक्टर, पाटीवरचं आडनाव बहुतेक वेळा ‘आणी’वर येऊन थांबतं. सिंधी आडनावातलं हे ‘आणी’ म्हणजे ‘अमक्याच्या वंशातला’. कुण्या एका पूर्वजाच्या नावाला हे शेपूट लागलं आणि पुढच्या साऱ्या पिढ्या त्याच्या झाल्या. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरात ही वस्ती वाढवली. येताना जमीन आणता आली नाही, दुकान आणता आलं नाही. पूर्वजाचं नाव तेवढं सोबत आलं.

आपण मराठी माणसं हेच काम मधल्या नावाकडून करून घेतो. शाळेच्या हजेरीपासून सातबाऱ्यापर्यंत पोराच्या नावाच्या पोटात बापाचं नाव बसलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. बाप एक घर मागे सरकला. पानठेल्यावर त्याबद्दल बरीच कुरकुर ऐकली. कुरकुरणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या पोराचा रक्तगट ठाऊक होता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण कागदावर बाप कितव्या घरात बसणार ते सरकार ठरवू शकतं, पण पोराच्या पेशीतली वाटणी कुणाला बदलता येत नाही. निम्मा ऐवज आईकडून, निम्मा बापाकडून. इतर ठिकाणी हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि विसरतो. जरीपटक्यात ते विसरता येत नाही, कारण इथं दोन वेगळ्या रक्तदोषांच्या वाटा एकमेकींना येऊन भिडतात. आजच्या काळात बाप होणं म्हणजे काय, हे बघायला मला तरी याहून चांगली जागा सुचत नाही.

जरीपटका आणि इंदोरा खेटून आहेत. एकीकडे सिंध्यांची दुकानं, दालपकवानाच्या गाड्या आणि झुलेलालची देवळं. दुसरीकडे इंदोऱ्याचं बुद्धविहार, निळे झेंडे, १४ एप्रिलला रात्रभर जागणारे रस्ते. मेट्रोनं इंदोरा चौकात उतरा की पंधरा मिनिटांच्या पायपिटीत दोन इतिहास पार होतात. दोन्ही वस्त्या एकमेकींकडे खरेदी-विक्री करतात, एकाच रांगेत उभ्या राहतात, एकाच चौकात हॉर्न वाजवतात. सोयरीक मात्र आजही विरळाच.

आता रक्ताकडे येऊ. रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनलेलं असतं, अल्फा आणि बीटा. बीटा साखळी कशी विणायची याची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत देशाच्या सरासरीपेक्षा जास्त लोकांच्या एका प्रतीत बिघाड असतो. त्या प्रतीवरून साखळी तयारच होत नाही किंवा फार थोडी होते. हा बीटा थॅलेसेमिया. विदर्भातल्या बौद्ध, आदिवासी आणि इतर काही समाजांत वेगळी चूक आढळते. इथं साखळी भरपूर तयार होते, पण तिच्यातला सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा फरकानं प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. हा सिकलसेल. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या या दोषाबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, म्हणजे गोष्ट काही कालपरवाची नाही.

दोन्ही दोष टिकून राहिले त्याचं कारण मलेरिया. एकच बिघडलेली प्रत असणाऱ्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. ज्या ज्या भूभागात डासांनी हजारो वर्षं माणसं मारली, तिथं तिथं ही प्रत पुढच्या पिढीत पोचत राहिली. आणि जातीबाहेर लग्न नको, या आपल्या हट्टानं ती त्या त्या समाजातच कोंडली गेली. ‘त्या लोकांचा आजार’ असं तोंड वाकडं करून म्हणणाऱ्याला हे सांगावं. डासाला जात कळत नव्हती, ती आपण पुरवली.

एकच प्रत बिघडलेला माणूस म्हणजे वाहक. तो आजारी नसतो. दुकान चालवतो, क्रिकेट खेळतो, लग्नाच्या वरातीत नाचतो. वाहक बापाला आयुष्यभर कळतसुद्धा नाही की आपल्याकडे काही आहे. फार तर कधी रक्त तपासलं तर ‘थोडं कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात, ज्यांची त्याला गरज नसते. प्रश्न येतो तो दोन वाहक एकत्र आले की. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन आणि दोन्ही प्रती चांगल्या येण्याची चारात एक.

या ‘चारात एक’नं जितका घोटाळा केला तितका दुसऱ्या कुठल्या अपूर्णांकानं केला नसेल. ‘पहिलं असं झालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली,’ असं हिशेब करणारे बाप असतात. तसं नसतं. दर खेपेला फासा नव्यानं पडतो आणि मागच्या दानाची त्याला आठवण नसते.

अजून एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावं का ते ठाऊक नाही. समजा इंदोऱ्याच्या मुलानं जरीपटक्याच्या मुलीशी प्रेमविवाह केला. तो सिकलसेलचा वाहक, ती थॅलेसेमियाची. दोष वेगळे, म्हणून धोका टळला असं वाटेल. पण दोन्ही बिघाड एकाच बीटा कृतीतले आहेत. मुलाकडे बापाची वाकडी प्रत आणि आईची मुकी प्रत आली, तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो आणि तो बराच त्रास देऊ शकतो. जातीबाहेरच्या लग्नानं एरवी असे धोके कमी होतात. इथं मात्र शेजाऱ्याशी सोयरीक जुळवतानासुद्धा एक साधी तपासणी हवीच. लग्नच करू नये असा तिचा अर्थ नाही. माहीत असलं की पुढचे रस्ते मोकळे राहतात. गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना वारेचा बारीक तुकडा तपासून निदान करता येतं.

ही तपासणी म्हणजे हातातून काढलेलं चमचाभर रक्त. सिकलसेलसाठी आधी विद्राव्यतेची स्वस्त चाचणी, मग एचपीएलसी नावाच्या यंत्रातून पक्कं उत्तर. थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. नागपुरात ती सोय आहे. खुद्द जरीपटक्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया आणि सिकलसेल केंद्र आहे आणि सिकलसेलच्या प्रश्नावर गावोगाव बोलत राहिलेले संपत रामटेके याच शहरातले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत. यंत्र आहे, डॉक्टर आहे, योजना आहे. अडतं कुठं? बऱ्याचदा बापापाशी.

गरोदर बाईची तपासणी होतेच, ती दवाखान्यात येतेच. ती वाहक निघाली की निरोप जातो, नवऱ्याला पाठवा. आणि नवरा येत नाही. ‘मले का झालं? मी तं ठणठणीत हाओ.’ दुकान सोडता येत नाही, साहेब सुट्टी देत नाही, सासूबाई म्हणतात आमच्या घरात असलं काही नाही. चमचाभर रक्ताला घाबरणारा माणूस सुईला घाबरत नसतो. दोष आपल्याही बाजूनं निघाला तर बायकोला बोल लावायची सोय संपेल, ही ती भीती असते. पिढ्यान् पिढ्या मूल आजारी निघालं की कूस बाईची वाईट ठरली. चाचणीच्या कागदावर मात्र दोन नावं शेजारी शेजारी असतात आणि दोघांच्या खाली एकच शब्द. सायप्रसमध्ये १९७०च्या दशकात तपासणीची मोहीम सुरू झाली, पुढं चर्चनं लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली आणि तिथं थॅलेसेमियाग्रस्त मुलांचा जन्म जवळपास थांबला. आपल्याकडे पत्रिका जुळवताना नाडी बघतात. एवढ्या बारकाईनं बघायचीच हौस असेल, तर एक कागद आणखी मागायला काय हरकत आहे.

ज्यांच्या घरी निदान आधी झालं नाही, त्यांची गोष्ट पुढं सुरू होते आणि इथंच बापाचं रूप पालटतं.

थॅलेसेमिया मेजर झालेलं बाळ जन्मतः ठीक दिसतं, कारण पोटात असताना वेगळं, गर्भाचं हिमोग्लोबिन काम करत असतं. सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान ते पांढरं पडू लागतं, दूध ओढत नाही, वाढत नाही. मग रक्त. दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. घरातला शब्द ‘ब्लड लावणं’. ‘गुरुवारी ब्लड लावायचं आहे’, हे वाक्य या घरांत ‘गुरुवारी शिकवणी आहे’ इतक्या सहज म्हटलं जातं.

ब्लडच्या दिवशी दुकानाचं शटर दुपारपर्यंत अर्धं खाली. आदल्या दिवशी नमुना देऊन रक्त जुळवून घ्यायचं, पिशवी तयार आहे ना ते फोन करून विचारायचं, पोराच्या आवडीची कोकी नाहीतर पोहे डब्यात घ्यायचे, मोबाईल चार्ज करून ठेवायचा. मग तीन-चार तास खाटेशेजारी. थेंब मोजायचे, थंडी वाजून आली तर सिस्टरला हाक मारायची, अंगावर पुरळ येतं का बघायचं. पूर्वी हे आईचंच काम असे. आता बाप दिसतात आणि त्यांच्यातले जुने झालेले बाप नव्या बापाला सलाईनच्या नळीतली हवा कशी बघायची ते शिकवतात. एका मुलाला कोणती शीर चटकन सापडते हे त्याच्या बापाला नव्या सिस्टरपेक्षा जास्त ठाऊक असतं. ‘डावा हात, कोपराच्या थोडं खाली,’ तो सांगतो. असला तपशील बायकोनं सांगून कळत नाही. शंभर वेळा शेजारी बसावं लागतं.

नागपूरचा मे महिना या बापांचा वैरी. कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं आटतात, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रक्तपेढीतला साठा उतरतो. चेटीचंड आणि आंबेडकर जयंती दोन्ही मार्च-एप्रिलच्या तोंडावर येतात, त्या निमित्तानं दोन्ही वस्त्यांत शिबिरं होतात, पण ते रक्त महिनाभराहून थोडं अधिकच टिकतं. त्यात धास्ती आणखी एक. २०२२ साली नागपुरातली चार थॅलेसेमियाग्रस्त मुलं एचआयव्हीबाधित आढळली, त्यातलं एक दगावलं आणि राज्य हादरलं. तेव्हापासून ‘नॅट तपासलेलं आहे का?’ हा प्रश्न दहावी नापास बापसुद्धा विचारतो. विषाणू शरीरात शिरल्यानंतर नेहमीच्या चाचणीत दिसायला वेळ लागतो आणि ‘नॅट’ ही चाचणी तो काळ बरीच आखूड करते, हे तो वर्तमानपत्रातून शिकलेला असतो.

रक्त चढवलं की काम संपलं, असंही नाही. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साचत जातं. ते काढायला डेस्फेरॉल आलं. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, तिला जोडलेला छोटा पंप, रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री. एका पिढीतल्या बापांनी हे केलं आहे. पोरगं झोपल्यावर सुई टोचायची, की झोपेआधी गोष्ट सांगता सांगता टोचायची, यावर नवरा-बायकोत मतभेद व्हायचे. कुशीवर वळताना नळी निघू नये म्हणून अर्धी रात्र जागायचं. पुढे तोंडानं घ्यायची औषधं आली. डेफेरिप्रोन हे त्यातलं पहिलं आणि ते १९९०च्या दशकात भारतात आधी मिळू लागलं. नंतर डेफेरासिरॉक्स आलं. आजच्या बापाला सुई टोचावी लागत नाही, रोज गोळी पाण्यात विरघळवून पोराच्या घशात उतरवावी लागते. सोपं झालं म्हणावं, तर पंधरा वर्षांच्या पोट्ट्याला रोज एक नकोशी गोष्ट करायला लावून पाहा.

सिकलसेलच्या घरातला बाप वेगळं कौशल्य शिकतो. तिथं शत्रू म्हणजे तहान, थंडी, ताप आणि दमणूक. पाणी कमी पडलं, डिसेंबरच्या पहाटे गार वारा लागला, मैदानावर जास्त पळापळ झाली, की वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. त्या दुखण्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. बाटलीभर पाणी संपवलंस का, स्वेटर घातलंस का, हे आयांनी विचारायचे प्रश्न बाप विचारू लागतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीची वेळ त्याच्या मोबाईलच्या गजरात असते. आणखी एक गोष्ट शिकवण्याजोगी आहे. जमैकात ग्रॅहम सर्जंट या डॉक्टरांच्या पथकानं आईबापांना बाळाच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवलं. लहान मुलात प्लीहेत अचानक रक्त साचतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. बोटांना ती वाढलेली लागली की लगेच दवाखाना गाठायचा. एवढ्या शिकवणीनं मृत्यू कमी झाले. बापाचा हात म्हणजे आपल्याकडे आधी पाठीत धपाटा घालणारा हात. तोच हात पोटावर हलकेच ठेवून काय सापडतं ते बघणं, ही शिकून घ्यायची विद्या आहे.

शिकून घ्यायची, हे मुद्दाम म्हणतोय. आईला बाळाचं आपोआप कळतं आणि बाप त्या बाबतीत ढ असतो, ही समजूत विज्ञानानं बरीच खिळखिळी केली आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी ६२४ तरुणांना काही वर्षांच्या अंतरानं दोनदा तपासलं. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं आणि जे रोज तीन तासांहून जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांचं त्याहून खाली होतं. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे मूल सांभाळणं मर्दानी शरीराला परकं नाही. शरीर त्यासाठी स्वतःला जुळवून घेतं. इस्रायलमधल्या रूथ फेल्डमन यांनी २०१४ मध्ये आईबापांच्या मेंदूची चित्रं घेतली. मदतनीस म्हणून वावरणाऱ्या बापांच्या आणि मुलाचं सगळं स्वतः करणाऱ्या बापांच्या मेंदूत फरक होता. दुसऱ्या गटात, मुलासाठी सदैव सावध राहणारा जो भाग आयांत जागा दिसतो, तो बापांतही तसाच जागा होता. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांत बाप दिवसाचा निम्म्याच्या आसपास वेळ तान्ह्याच्या हाताच्या अंतरावर असतो. बॅरी ह्युलेट या मानववंशशास्त्रज्ञानं ते मोजून ठेवलं आहे. ब्लडच्या खाटेशेजारी बसणाऱ्या जरीपटक्यातल्या बापाचा मेंदू कुणी तपासलेला नाही. पण रात्री पोरगं कुशीवर वळलं की ज्याला आपोआप जाग येते, त्याचं काय झालंय ते सांगायला यंत्राची गरज नसावी.

आपल्याकडचा सरासरी बाप मात्र अजून मदतनीसच. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची तरी देखभाल करताना आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्या स्त्रिया दिवसाला १४० मिनिटं देत होत्या, करणारे पुरुष ७४. पुरुष करत नाही, म्हणून त्याला येत नाही, म्हणून करत नाही.

कायद्यालाही बाप मदतनीस म्हणूनच माहीत आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळाच्या जन्मावेळी पंधरा दिवस पितृत्व रजा मिळते. आईला २०१७च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवडे मिळाले, ते योग्यच. पण खाजगी नोकरीतल्या बापासाठी देशात कायदाच नाही. त्याच २०१७ साली हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खाजगी विधेयक मांडलं. असंघटित कामगारालाही पंधरा दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत. ते पुढे सरकलं नाही. सातव २०२१ साली गेले आणि विधेयकाची आठवण काढणाराही फारसा कुणी उरला नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली. पुरुषालाही दिली, पण बायको हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. बायको धडधाकट असताना बापाला संगोपन करावंसं वाटेल, ही कल्पना फाईलवर सही करणाऱ्याला शिवली नसावी. स्वीडननं १९७४ साली आईची रजा रद्द करून आईबाप दोघांची केली, तरी बाप घेईनात. मग १९९५ मध्ये एक महिना फक्त बापाचा ठेवला, नाही घेतला तर वाया. तेव्हा कुठे बाबागाड्या ढकलणारे पुरुष दिसू लागले. आणि जरीपटक्यातल्या दुकानदाराला रजा कोण देणार? त्याचा साहेब तोच. शटर ओढलं ती रजा आणि त्या दिवशीचा गल्ला गेला तो पगार.

आजच्या बापांना आपण ‘आधुनिक’ म्हणतो तेव्हा मागचे बाप दगडाचे होते असं सुचवतो, ते मला पटत नाही. इंदोऱ्यात प्रत्येक घरी ज्यांचा फोटो आहे त्यांच्याच घरचं बघा. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला लवकर झोपवत, पहाटे दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जात, दागिने मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आलं की सोडवून परत देत. मुलासाठी मुलींच्या दारात जाणं त्या काळच्या बापाला किती जड गेलं असेल. तो मुलगा पुढे स्वतः बाप झाला तेव्हा चार लेकरं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. धाकट्या राजरत्नाचा मृत्यू जुलै १९२६चा. त्यानंतर दत्तोबा पवार या स्नेह्याला त्यांनी लिहिलेलं पत्र वाचताना घटनेचा शिल्पकार आठवत नाही, रिकाम्या घरात बसलेला एक बाप दिसतो. तेव्हाच्या बापांना माया होती. ती हातांनी करायची सवय आणि मुभा नव्हती आणि दुःख बोलायचं तर एखाद्या पत्रातच.

बोलायची मुभा अजूनही कमीच आहे. नव्या बापांपैकी सुमारे दहा टक्क्यांना बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य येतं, असं जगभरच्या अभ्यासांची २०१०मध्ये केलेली गोळाबेरीज सांगते. मूल तीन ते सहा महिन्यांचं असताना ते प्रमाण सर्वांत जास्त. आईला निदान कुणी तरी विचारतं, झोप लागते का. बापाला विचारतात, पार्टी कधी? दीर्घ आजाराच्या मुलाचा बाप तर घरच्यांसमोर रडूही शकत नाही. मी पाहिलंय, हे बाप दवाखान्याच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून उगाच मोबाईल बघत असतात. शेजारी दुसरा तसाच बाप येऊन उभा राहतो. ‘किती आलं?’ ‘साडेआठ.’ ‘ठीक आहे, चालते.’ एक सिंधी, एक बौद्ध, हिमोग्लोबिनचा आकडा दोघांच्या ओळखीचा. त्यांच्या घरांत एकमेकांचं जाणं-येणं असेलच असं नाही, पण पोरांची ब्लडची तारीख दोघांना पाठ असते.

आनंदही तिथंच भेटतात आणि ते बाहेरच्याला हास्यास्पद वाटावेत इतके बारीक असतात. साठलेलं लोह दाखवणारा फेरिटिनचा आकडा तीन हजारावरून अठराशेवर आला म्हणून पेढे. अख्खा पावसाळा क्रायसिस न येता गेला म्हणून फुटाळ्याला सहल. पोरीला पहिल्यांदा ‘पप्पा, आज मी एकटी जाते ब्लडला’ म्हणावंसं वाटलं आणि बाप पायरीवर उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहिला. प्रत्यारोपण करायचं तर भावंडाची अस्थिमज्जा जुळण्याची शक्यता चारात एक, तोच फासा पुन्हा. नाही जुळली तर अलीकडे बापाचीही चालू शकते, कारण बाप नेहमीच निम्मा जुळतो. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ज्या अर्ध्या वाट्यानं आजार आला, त्याच अर्ध्या वाट्यातून इलाज निघू शकेल, ही शक्यता समजल्यावर बापाच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला काय म्हणावं, मला शब्द सापडला नाही.

आणि वर्षं जातात. एके काळी ही मुलं विशी गाठत नसत. आता नीट रक्त आणि नीट औषध मिळालं तर ती शिकतात, नोकरीला लागतात, लग्नं करतात. थॅलेसेमिया झालेल्या पुरुषाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. म्हणजे त्याचं प्रत्येक मूल निदान वाहक असणारच आणि बायको वाहक निघाली तर निम्म्या शक्यतेनं आजारी. त्यामुळे लग्न ठरण्याआधी तो स्वतःच म्हणतो, एक टेस्ट करून घेऊ. शनिवारी सकाळी एचपीएलसीच्या खिडकीपाशी एक तरुण बसलेला असतो, हातावर जुन्या सुयांचे ठिपके, शेजारी होणारी बायको, तिच्या कोपराच्या घडीत कापूस. समोरच्या बाकावर त्याचा बाप. वीस-बावीस वर्षं याच कामासाठी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलेला. रिपोर्ट साडेअकराला मिळेल म्हणून सांगितलंय. बाप घड्याळ बघतो, उठतो आणि मुलीला विचारतो, ‘बेटा, सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? खाली दालपकवान चांगलं मिळतं.’